नव्या सभासद भगिनीकडे काय मागावे?

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



वर्षाच्या कामाचा हिशेब चिटणीसबाईंनी मांडलाच आहे. मी पुढच्या वर्षासाठी एक प्रश्न आपल्यापुढे ठेवते. मंडळात नवी बाई येते तेव्हा तिच्याकडे आपण काय मागावे, आणि तिला कोणत्या रीतीने आपल्यात घ्यावे? वर्गणीची पावती फाडली, कपाळी कुंकू लावले की झाली सभासद, अशी रीत गावोगावच्या मंडळांतून आहे. तेवढ्याने भागते का?

याचे उत्तर शोधायला फार लांब जायला नको. आपल्या मुली कॉलेजात जातात आणि एक दिवस घरी येऊन सांगतात, "आई, मी एन.एस.एस.मध्ये नाव घातले आहे, सात दिवस शिबिराला जायचे आहे." आईच्या कपाळाला आठी पडते. पण ही राष्ट्रीय सेवा योजना आहे तरी काय? गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांतून सुमारे ४०,००० विद्यार्थी घेऊन ती सुरू झाली. तिची अट साधी आहे. दोन वर्षे राहायचे, दर वर्षी १२० तास म्हणजे एकूण २४० तास काम करायचे, आणि एखाद्या गावी सात दिवसांचे निवासी शिबिर करायचे. एवढे पुरे केले की प्रमाणपत्र मिळते. छातीवर लावायच्या बिल्ल्यावर कोणार्कच्या सूर्यमंदिराचे चाक असते. त्याचे आठ आरे दिवसाचे चोवीस तास सांगतात, म्हणजे आठही प्रहर सेवेला तयार राहावे. ब्रीद एवढेच, की माझ्यासाठी नव्हे, तुमच्यासाठी.

कोणी म्हणेल, मुले वाढीव गुणांसाठी जातात. काही जात असतील. पण गुणांच्या ओढीने उचललेल्या फावड्यानेही गटार साफ होतेच, आणि काम करता करता मनाला वळण लागते.

सेवेला आधी अट आणि मग शपथ, ही चाल आपल्याकडे जुनीच आहे. आपल्या कोकणातले, कोतळूकला जन्मलेले गोपाळ कृष्ण गोखले यांनी १२ जून १९०५ रोजी पुण्यात भारत सेवक समाज स्थापला. प्रथम त्यांनी स्वतः शपथ घेतली, मग तिघा सहकाऱ्यांना दिली. शपथेची कलमे सात होती. देशाचा विचार सर्वांआधी करीन, सेवेतून स्वतःचा लाभ पाहणार नाही, जातधर्माचा भेद न करता सर्वांना बंधू मानीन, संस्था देईल त्यात संसार भागवीन, आचरण शुद्ध ठेवीन, कोणाशी वैयक्तिक भांडण करणार नाही, आणि संस्थेच्या हिताला जपेन. नव्या सभासदाला पाच वर्षे शिक्षण घेत उमेदवारी करावी लागे. १९१५ साली गोखले वारल्यावर गांधीजींनी सभासद होण्यासाठी अर्ज केला. पण त्यांना घेण्याविषयी सभासदांत दुमत आहे असे दिसताच कटुता नको म्हणून त्यांनी तो परत घेतला. त्या सातांपैकी भांडण न करण्याचे कलम आपल्यालाही फार उपयोगी पडेल, असे मला वाटते. आपण हसलात, म्हणजे पटले!

परदेशातही अशा संस्था आहेत. अमेरिकेत १९२५ साली लाफायेट कॉलेजात 'अल्फा फाय ओमेगा' नावाचा विद्यार्थ्यांचा सेवासंघ निघाला. नव्याने आलेल्याने आधी काही काळ उमेदवार म्हणून काम करायचे, मग विधिपूर्वक शपथ घ्यायची, असा तिथला शिरस्ता. हेतू सेवेचा, तरी स्त्रियांना पूर्ण सभासदत्व मिळायला तिथे १९७६ साल उजाडले. आपल्याकडच्या कॉलेजांतून तर नव्या मुलांचे 'स्वागत' म्हणून त्यांचा छळ होऊ लागला, आणि महाराष्ट्राला १९९९ साली रॅगिंगविरुद्ध कायदा करावा लागला. तेव्हा प्रवेशाचा विधी दुधारी असतो. तो माणसाला जवळ घेतो, तसा दाराबाहेरही ठेवतो.

आता आपल्या दाराकडे वळू. सभासद करून घेण्याचा विधी हळदीकुंकवाचा असला, तर जिचा नवरा वारला आहे ती बाई काय करील? ती सतरंजीच्या कडेला बसेल, नाही तर येणारच नाही. वास्तविक सुखदुःखाच्या चार गोष्टी बोलायला मंडळाची गरज तिलाच अधिक. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून विधवांच्या अपमानाच्या प्रथा बंद केल्या, आणि त्याच महिन्यात सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसे करण्यास सांगितले. आपण तर महाड तालुक्यातल्या बाया. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांनी ओंजळभर पाणी घेतले, ते माणसामाणसांत प्रतवारी नको म्हणूनच. मग मंडळाच्या उंबऱ्यावर बायांची प्रतवारी कशी शोभेल?

२०२१ च्या जुलैत महाड पुराखाली गेले, तळियेवर दरड कोसळली, तेव्हा चिखल उपसायला बाहेरगावाहून कितीतरी हात आले. त्यांची वर्गणी भरली आहे का, असे कोणी विचारले नाही. माणसाची ओळख हातातल्या कामाने पटते.

म्हणून माझी सूचना अशी. एक, नव्या भगिनीने प्रथम तीन महिने आपल्याबरोबर काम करावे. साक्षरतेचा वर्ग, अंगणवाडी, पावसाळ्याआधीची सफाई, जे जमेल ते, आठवड्याला दोन तास. मोलमजुरी करणारीला वेळेची सवलत असावी. दोन, जिला वर्गणी जड जाते तिचे काम हीच वर्गणी समजावी. तीन, सभासद करून घेताना सर्वजणींच्या हाती सारखेच एक फूल द्यावे आणि साध्या मराठीत दोन वाक्यांची प्रतिज्ञा म्हणावी, की मी वेळ देईन, आणि कोणालाही कमी लेखणार नाही. हळदीकुंकू संक्रांतीला खुशाल करावे, पण मग ते सर्वजणींना लावावे.

हा ठराव आज मांडलाच पाहिजे असे नाही. घरी सासूशी, सुनेशी बोला, शेजारणीला विचारा. जिला आजवर बोलावले गेले नाही तिला तर आधी विचारा, आणि पुढल्या सभेला तिला बरोबर घेऊन या.