सातेरीचे औषध

मालवणात आमच्या मागीलदारी जांभळीखाली सातेरी मधमाश्यांची पेटी होती. एका एप्रिलमध्ये पेटीच्या तळफळीवर टाचणीच्या डोक्याएवढे तांबूस ठिपके दिसले. तो वरोआ नावाचा कोळी. माणूस मी कवितेतला, खाडाखोडीची सवय. फॉर्मिक आम्लात भिजवलेला कापूस भर दुपारी आत ठेवला. संध्याकाळच्या आत पिल्ले, मध सगळे टाकून माश्या निघून गेल्या.

शेजारचे आबा म्हणाले, "त्यांका इचारलंस काय?"

पुढे वाचले ते असे. वरोआ हा आशियातल्या सातेरीचा जुना सोबती. तो तिच्या नर पिल्लांतच वाढतो. कामकरी माश्या त्याला अंगावरून वेचून काढतात. १९६० च्या दशकात भारतात रुजवलेल्या युरोपीय मेलिफेराला ही विद्या फारशी नाही. तिच्या कामकरी पिल्लांतही कोळी वाढतो, विषाणू पसरवतो. तिला बहुधा औषध लागते.

पण आधी मोजावे. अर्धा कप, म्हणजे सुमारे ३०० माश्या, जाळीच्या झाकणाच्या बरणीत पिठीसाखरेत हलक्या हाताने घोळवाव्यात. राणी त्यात नको. कोळी जाळीतून गळतात, माश्या जगतात. कोळी बरेच निघाले तरच औषध. तेही थंडाव्यात, हातमोजे घालून, जाणत्याला विचारून. मध भरण्याच्या दिवसांत नाही.

पेटी अजून जांभळीखालीच आहे. दर ऑक्टोबरला आत मेण चोळून ठेवतो. अजून कुणी आलेले नाही.