चांदीची मोड आणि आपली पेढी
(वाशिंद येथे ज्ञातिबांधवांच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



चिटणीसांनी आम्हांस ‘आपला धंदा : काल आणि आज’ असा विषय दिला होता. विषय मोठा आणि आमची विद्या मॅट्रिकपर्यंतची. त्यातून आयुष्य गेले ते फळ्यापुढे, ऐरणीपुढे नव्हे. म्हणून सोने बाजूस ठेवून आम्ही चांदीपुरतेच बोलणार आहोत. वाशिंद, शहापूर, मुरबाड या बाजूच्या आपल्या लहान पेढ्यांना चांदीनेच हात दिला, हे येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांस ठाऊक आहे. वाड्यांवरचे, खेड्यापाड्यांतले गिऱ्हाईक येई ते वाळे, तोडे, जोडवी, करगोटा मागत. भात विकले की दागिना घ्यावयाचा आणि मृगाच्या तोंडावर बियाण्यासाठी तोच गहाण टाकावयाचा किंवा मोडावयाचा, असा त्या घरांचा रिवाज. जाताना आणि येताना, दोन्ही वेळां दागिना आपल्याच ताजव्यातून जाई.

मग नफा कोठे होतो? गिऱ्हाइकास वाटते, भाव वाढला की सराफ गब्बर होतो. तसे नाही. शहाणा व्यापारी आज विकलेली चांदी आजच झवेरी बाजारातून भरून काढतो. भाव चढो वा उतरो, त्याचा वटाव त्यास मिळतो. जो भावाच्या मागे धावतो तो बुडतो. १९८० च्या जानेवारीत अमेरिकेतील हंट बंधूंच्या साठेबाजीने चांदी औंसाला पन्नास डॉलरांच्या घरात गेली आणि २७ मार्च रोजी अकरा डॉलरांच्या आसपास आपटली. तो उच्चांक मोडण्यास २०२५ चा ऑक्टोबर उजाडावा लागला. पंचेचाळीस वर्षे वाट पाहण्याइतका धीर कोणत्या पेढीत असतो?

खरा नफा कसात आहे. हिशेबाच्या सोयीसाठी चांदीचा भाव ग्रॅमला शंभर रुपये धरू. दोनशे ग्रॅमचे तोडे सत्तर टंचाचे आहेत, म्हणजे आत शुद्ध चांदी एकशेचाळीस ग्रॅम. बाकीचे हीण आणि डाख. दुकानदार ‘मजुरी माफ’ म्हणतो आणि सगळ्या दोनशे ग्रॅमांस शुद्ध चांदीचा भाव लावतो. वीस हजार हाती आले, चांदी गेली चौदा हजारांची. सहा हजारांची मजुरी माफीच्या नावाखाली घेतली गेली! पुढे तेच तोडे मोडीस आले की तोच दुकानदार कस साठ धरतो आणि बारा हजार मोजतो. दागिना झिजला नाही, भाव हलला नाही, आणि गिऱ्हाइकाचे आठ हजार गेले.

यातले सगळेच पाप आहे असे आम्ही म्हणत नाही. घडणावळ हा कारागिराचा हक्क आहे. मोडीत लाख निघते, माती निघते; आटणीत तूट येते; कोळसा, मूस, तेजाब यांस पैसे पडतात. परंतु हा खर्च सांगून घेणे वेगळे आणि कसात दडविणे वेगळे.

पूर्वी गिऱ्हाइकास एक आधार होता. राणीछाप रुपया वजनास बरोबर एक तोळा, आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. रुपये देऊन तोडे घडविणाऱ्या बाईस आपण किती चांदी दिली हे पाढ्यासारखे पाठ असे. १९४० पासून रुपयात निम्मीच चांदी राहिली, १९४७ पासून तो निकेलचा झाला. जुना रुपया निम्म्या कसाच्या भावाने घेणारे महाभागही मग निघाले. (ते आपल्यातलेच होते, उगाच दुसऱ्या जातीकडे बोट दाखवू नये.)

आता घरचे सांगतो. आम्ही मॅट्रिकच्या वर्गात असताना एका पावसाळ्याच्या आरंभी वाडीवरची एक म्हातारी वाळे मोडावयास घेऊन आली. वडिलांनी दगडावर घासून ‘साठ’ म्हटले. तिने मान हलविली, पैसे पदराच्या गाठीस बांधले आणि ती गेली. रात्री आटणी झाली. लगड तोलण्याचे काम आमच्याकडे होते, आणि गणितही आमचे बरे होते. आम्ही म्हटले, ‘आप्पा, हे साठाचे नव्हते.’ वडील भट्टी विझवीत होते. म्हणाले, ‘तू मास्तरच हो.’ ते रागाने म्हणाले की कसे, हे आम्हांस आजतागायत उमगले नाही. आम्ही मास्तर झालो. त्याच पेढीच्या नफ्यावर आमचे शिक्षण झाले, तेव्हा वडिलांना दोष देण्याचा अधिकार आम्हांस कितपत, हा प्रश्न उरतोच.

आज ती पेढी पुतण्या चालवितो. वाडीवरची नात मोबाईलवर मुंबईचा भाव पाहून दुकानात येते. भारतीय मानक ब्यूरोने १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीच्या हॉलमार्कलाही सहा अक्षर-अंकांचा ओळख-क्रमांक जोडला. ८०० पासून ९९९ पर्यंतचे कस त्यात ठरलेले आहेत. नियम लागू झाला तो ऐच्छिक म्हणून, आणि ऐच्छिक म्हटल्यावर आपल्यातील पुष्कळांनी सुटकेचा श्वास सोडला. परंतु आठशेच्या खालचा माल त्या छापात बसतच नाही, आणि आपल्या काचेच्या कपाटांतील पैंजण किती टंचाचे आहेत हे आपणांस ठाऊक आहे.

पुतण्याने मोडीची चिठ्ठी देण्यास आरंभ केला. पहिल्या तिमाहीत गिऱ्हाईक घटले. समोरच्या दुकानावर ‘मजुरी माफ’ची पाटी होती. नंतर काही घरे परत आली, सगळी नाहीत.

त्या चिठ्ठीचा नमुना आम्ही चिटणीसांकडे दिला आहे. रकाने चार : वजन, कस, भाव आणि वजावट. आटणी गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत झाली, असा पाचवा रकाना असावा असे आमचे म्हणणे. पुतण्या म्हणतो, ‘काका, तेवढा वेळ दुकानात कोणास आहे?’ सभेने यावर आजच काय ते ठरवावे.