गठ्ठ्यावरची चिठ्ठी



आज मी एका कागदाच्या चिठ्ठीबद्दल बोलणार आहे. आमच्या शिवण केंद्रात कापलेल्या कपड्यांच्या प्रत्येक गठ्ठ्याला ती बांधलेली असते. मसाल्याच्या पाकिटावर किंमत, वजन, तारीख असं जे लेबल लागतं, ते गिऱ्हाइकासाठी. ही चिठ्ठी मात्र आपल्या आपल्यात फिरते. कटिंगच्या टेबलावरून शिलाईला, तिथून ओव्हरलॉकला, काज-बटणाला, मग इस्त्रीला. आणि महिनाअखेरीला तिच्यावरूनच प्रत्येकीची मजुरी निघते.

आधी आम्ही ती हाताने लिहायचो. घाईत लिहिलेला सहा आणि आठ सारखाच दिसायचा, आणि २६ मापाच्या कॉलरी २८ च्या शर्टाला जायच्या. मग केंद्रात संगणक आला आणि मी त्यावर नोंदी ठेवायला शिकले. लिबर ऑफिस हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात 'बेस' नावाचा भाग आहे. घाबरू नका, ती आपली आखलेली नोंदवहीच आहे. एक ओळ म्हणजे एक गठ्ठा. त्या ओळीत गठ्ठा नंबर, ऑर्डर, माप, नग, ताग्याचा नंबर आणि तारीख. चिठ्ठीचा नमुना एकदाच बनवायचा, संगणक प्रत्येक ओळीची एकेक चिठ्ठी भरून छापतो. आम्ही जाड कागदाच्या ए-फोर पानावर आठ चिठ्ठ्या काढतो. प्रत्येकीचा खालचा तुकडा फाडता येतो. गठ्ठा शिवून झाला की ती बाई तो तुकडा आपल्याजवळ ठेवते आणि शनिवारी माझ्याकडे जमा करते.

आता माझी चूक सांगते. शाळेच्या गणवेशाची ऑर्डर होती, वीस-वीस शर्टांचे गठ्ठे. शनिवारी एका काकूंनी २७ नंबरचा तुकडा दिला. मी नंबर टाकला, संगणक घेईना. तो नंबर दुसऱ्या एकीच्या नावावर आधीच जमा होता. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "काकू, तुमची काहीतरी गफलत झाली असेल." काकू म्हणाल्या, "अगं, मग हे वीस शर्ट काय भुताने शिवले?" बायका हसल्या. काकू हसल्या नाहीत. पिशवी उचलून निघून गेल्या आणि सोमवारी कामाला आल्या नाहीत.

रात्री मी कटिंगची वही काढली. वहीत ५० गठ्ठे आणि संगणकात ४६. तेव्हा लक्षात आलं. त्या आठवड्यात छापताना प्रिंटरमध्ये पान अडकलं होतं. वरच्या चार चिठ्ठ्या नीट आल्या होत्या, खालच्या चार चुरगळल्या. मी सगळं पानच पुन्हा छापलं. पण कटिंगवरच्या मुलीने पहिल्या पानावरच्या चार चांगल्या चिठ्ठ्या कापून गठ्ठ्यांना बांधल्याही होत्या. कागद वाया जाऊ नये म्हणूनच ना, तिची काय चूक? २५ ते २८ हे नंबर दोन-दोन गठ्ठ्यांवर गेले. संगणक एक नंबर एकदाच घेतो, म्हणून चार गठ्ठ्यांची, म्हणजे ८० शर्टांची मजुरी कुणालाच मिळाली नसती.

मी काकूंच्या घरी गेले. पुढच्या बैठकीत चूक माझी होती हे सगळ्यांसमोर सांगितलं आणि ठरावाच्या वहीत लिहिलं. राहिलेले पैसे त्याच दिवशी दिले.

त्यानंतर आम्ही नोंदवहीत एक रकाना वाढवला: 'छापलं', तारखेसकट. ज्या ओळीत तो रिकामा आहे तेवढ्याच चिठ्ठ्या छापतात. पान अडकलं तर आधी जुनं पान, चांगलं-वाईट सगळं, फाडून टाकायचं आणि मग पुन्हा छापायचं. पुन्हा छापलेल्या चिठ्ठीवर ठळक 'दुसरी प्रत' असं येतं. गठ्ठा नंबर मी टाइप करत नाही, संगणकच पुढचा नंबर देतो. आणि दर शनिवारी पैसे काढायच्या आधी कटिंगच्या वहीतले गठ्ठे आणि संगणकातले गठ्ठे ताडून बघायचे. हे काम आता त्या काकूंकडेच आहे. माझ्यावर त्यांची बारीक नजर असते, ते बरंच आहे.

बारकोड लावा असं आम्हाला एकाने सुचवलं. बारकोड म्हणजे तोच नंबर, रेघांमध्ये लिहिलेला. चुकीचा नंबर छापला तर मशीन चुकीचाच नंबर वाचणार. पन्नास गठ्ठ्यांसाठी मला तो खर्च पटला नाही.

दुसरे काही घोटाळे आमच्या हातून झाले, ते तुमचे वाचावेत म्हणून सांगते. फ्रॉकचं माप वयावर असतं, १०-१२ वर्षं. ते मी एक्सेलमध्ये टाइप केलं आणि चिठ्ठीवर छापून आलं १० डिसेंबर! संगणकाला ती तारीख वाटली. आकडे टाकायच्या आधी त्या रकान्याला 'टेक्स्ट' करून ठेवायचं. नाहीतर ००७ चंही नुसतं ७ होतं. मराठी युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या फॉन्टमध्ये केलेलं दुसऱ्या संगणकावर भलतीच अक्षरं होऊन उमटतं. छापताना आकार शंभर टक्के ठेवा. 'पानात बसवा' हा पर्याय निवडलात तर वरची ओळ बरोबर येते आणि खालपर्यंत कापायच्या रेघा सरकत जातात. आणि शाई न वापरता उष्णतेने छापणारा तो छोटा प्रिंटर, दुकानात बिल देतात तसा, शिवणकामाला घेऊ नका. त्या कागदाला इस्त्री लागली की चिठ्ठी काळीठिक्कर. आमच्या इस्त्रीच्या टेबलावर हे झालंय. चिकटपट्टीचं लेबलही नको, कापडावर डिंकाचा डाग पडतो. दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी बरी.

ताग्याचा नंबर मात्र गाळू नका. एकाच रंगाच्या दोन ताग्यांत थोडा फरक असतो. हातात घेतल्यावर दिसत नाही, पण शर्ट शिवून उन्हात धरला की कॉलर वेगळी आणि अंग वेगळं दिसतं. मग उसवायचं काम फुकट.

माप सगळ्यात मोठ्या अक्षरात, आणि इंग्रजी आकड्यांत छापा, कारण मोजायच्या टेपवर तेच असतात. आमच्या एका मावशींना अक्षर वाचता येत नाही, पण टेपवरचा २८ आणि चिठ्ठीवरचा २८ त्या बरोबर जुळवतात.

वीज गेली तर काय, हे बऱ्याच जणी विचारतात. आमच्याकडे ९०१ पासून पुढचे नंबर घातलेल्या कोऱ्या चिठ्ठ्या डब्यात ठेवलेल्या आहेत. वीज नसली की त्यातली घ्यायची, पेनाने भरायची आणि वीज आली की तोच नंबर संगणकात चढवायचा. डब्यातली शेवटची चिठ्ठी कोणती, ते झाकणावर लिहिलेलं असतं.