सण हिरवा करायचा, तर ताटं कोण घासणार?



शिबिराच्या आयोजकांनी मला विषय दिला, 'पर्यावरणपूरक सण आणि मुलांचे वाढदिवस'. या विषयावरची भाषणं तुम्ही शाळेपासून ऐकत आला आहात. प्लास्टिक वाईट, झाडं लावा, पाणी वाचवा. मी शिक्षिका आहे, ही भाषणं मीही वर्गात देते. पण आज समोर बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांची लग्नं झाली आहेत किंवा व्हायची आहेत, काहींच्या कडेवर मुलं आहेत. म्हणून आज मला जरा वेगळा प्रश्न विचारायचा आहे. तो प्रश्न ताटाचा आहे.

आपल्या घरात एकदा वापरून फेकायची ताटं, वाट्या, ग्लास आले कसे? दुकानदाराने जाहिरात केली म्हणून आले, एवढंच खरं नाही. ते आले कारण ईदच्या दिवशी चाळीस पाहुणे जेवून गेल्यावर मोरीत भांड्यांचा डोंगर उभा राहायचा आणि त्याच्यासमोर एकच बाई बसायची. माझ्या आईने आयुष्यातल्या कितीतरी ईदच्या दुपारी अशाच मोरीत काढल्या. नवे कपडे सकाळी तासभर अंगावर, मग ते बदलून भांडी. पहिल्यांदा घरात थर्माकोलच्या प्लेटा आल्या तेव्हा ती मनापासून खूश झाली होती. पुढे मी जेव्हा त्या बंद करायच्या म्हटलं, तेव्हा ती म्हणाली, "पर्यावरण वाचवा, पण माझी कंबरही वाचवा."

तिचं म्हणणं मला पूर्णपणे पटतं. म्हणून माझं आजचं सांगणं एका वाक्यात असं आहे: सण पर्यावरणपूरक करायचा असेल तर आधी घरातल्या कामाची वाटणी करावी लागेल. ती न करता डिस्पोजेबल बंद केलं, तर पृथ्वीवरचा भार आपण आईच्या, बायकोच्या, वहिनीच्या अंगावर टाकू. असा बदल दोन ईदही टिकणार नाही, आणि टिकूही नये.

आता दुसरी बाजू. फेकलेली प्लेट जाते कुठे? मी मुंबईच्या पूर्व उपनगरात शिकवते. माझ्या वर्गातली बरीच मुलं गोवंडी, बैंगनवाडीकडून येतात. देवनारचं डम्पिंग ग्राउंड 1927 पासूनचं. मुंबईचा कचरा दशकानुदशकं तिथे पडत राहिला. आता त्यातला बराचसा कांजूरमार्गला जातो, पण देवनारचे डोंगर अजून उभे आहेत. जानेवारी 2016 मध्ये त्यांना आग लागली. धूर इतका होता की आसपासच्या पालिका शाळा बंद ठेवाव्या लागल्या. त्या डोंगरांच्या पायथ्याशी राहणाऱ्यांत आपली माणसं मोठ्या संख्येने आहेत. तिथे कचरा वेचणाऱ्यांतही आपल्या बायका आणि मुलं आहेत. आपण म्हणतो 'फेकून दिलं', पण ते कुणाच्या तरी दारात जाऊन पडलेलं असतं.

कायदाही माहीत असू द्या. महाराष्ट्रात 2018 मध्ये प्लास्टिकच्या पिशव्या आणि थर्माकोल, प्लास्टिकच्या ताट-वाट्यांवर बंदी आली. 1 जुलै 2022 पासून देशभर एकदा वापरायच्या काही प्लास्टिक वस्तूंवर बंदी आहे. त्या यादीत काय आहे पाहा: प्लेट, कप, ग्लास, चमचे, स्ट्रॉ, प्लास्टिकचे झेंडे, फुग्याची प्लास्टिकची काडी, सजावटीचा थर्माकोल, मिठाईच्या डब्यावर आणि निमंत्रणपत्रिकेवर गुंडाळायचा पातळ प्लास्टिक कागद. जणू कुणीतरी आपल्या सणांच्या आणि वाढदिवसांच्या खरेदीची यादी समोर ठेवूनच ती तयार केली आहे. घनकचऱ्याच्या 2016 च्या नियमांत तर शंभराहून जास्त लोकांचा कार्यक्रम असेल तेव्हा आयोजकाने स्थानिक संस्थेला तीन दिवस आधी कळवायचं आणि कचरा वेगळा करून द्यायचा, असंही म्हटलं होतं. आपल्या किती इफ्तार पार्ट्यांनी हे केलं, ते ज्याने त्याने आठवून पाहावं.

रमजानपासून सुरुवात करू. एका मशिदीत रोज दीडशे लोक इफ्तारला बसतात असं धरा. प्रत्येकाला एक प्लेट, एक चमचा, पाण्याचा एक आणि शरबताचा एक कप. रोजच्या सहाशे वस्तू झाल्या. तीस दिवसांच्या अठरा हजार. एका मोहल्ल्यातल्या एका मशिदीच्या. कागदी कप आहेत म्हणून समाधान मानू नका. त्याला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, म्हणून तर त्यातून पाणी गळत नाही. त्याच थरामुळे तो कागदाच्या रद्दीतही जात नाही आणि खतातही नाही.

यावर उपाय आपल्याकडे जुनाच आहे. माझं माहेर रत्नागिरी जिल्ह्यातलं. आमच्या गावात जमातीची भांडी असायची. लग्न असो, मय्यत असो, अकीका असो, देगचे, पराती, ताटं, पेले सगळं जमातीकडून यायचं. कुणी किती नेलं ते वहीत लिहायचं, परत आलं की मोजून घ्यायचं. हरवलं तर भरून द्यायचं. गरीब-श्रीमंत दोघांच्या लग्नात तीच ताटं. शहरात आपल्या सोसायटीत, गल्लीत, मशिदीत हे करायला काय हरकत आहे? शंभर ताटं, शंभर वाट्या, शंभर पेले, दोन मोठे माठ, एक कपाट आणि एक वही. कुणाच्या नावाने सदका द्यायचा असेल, तर यापेक्षा जास्त दिवस चालणारी वस्तू कोणती?

आणि धुणार कोण? तरुणांची पाळी. रोज चार मुलगे, तरावीहच्या आधी अर्धा तास. पद्धत सोपी आहे. उष्टं आधी ओल्या कचऱ्याच्या बादलीत झटकायचं, मग तीन टब. पहिल्यात साबणाचं पाणी, दुसऱ्यात आणि तिसऱ्यात साधं. नळ सोडून धुण्यापेक्षा पाणी खूप कमी लागतं. वाहत्या नदीकाठी बसून वुझू करतानाही पाणी वाया घालवू नये, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. ती भांडी धुतानाही लागू आहे. जिथे पाण्याचा टँकर येतो तिथे ताटं धुण्याचा हट्ट करू नका. पळसाच्या पत्रावळी आणि द्रोण वापरा. विदर्भ-मराठवाड्यात ते सहज मिळतात, वापरून झाले की गुरांना किंवा खतात जातात. फक्त मागच्या बाजूने प्लास्टिक चिकटवलेली चकचकीत पत्रावळ घेऊ नका.

ईदच्या दिवशी शेजाऱ्यांकडे शीरखुर्मा जातो. आता तो प्लास्टिकच्या झाकणवाल्या डब्यातून जायला लागला आहे, म्हणजे परत मागायला नको. पण जुन्या स्टीलच्या डब्याचं एक काम होतं. आपल्या महाराष्ट्रात डबा रिकामा परत करत नाहीत. ईदला शीरखुर्मा घेऊन गेलेला डबा काही दिवसांनी साखर, लिंबं, नाहीतर चकल्या घेऊन परत यायचा. दिवाळीला फराळाचा डबा आला की आपणही तेच करायचो. त्या निमित्ताने दार वाजायचं, बोलणं व्हायचं. फेकायच्या डब्याबरोबर ही दुसरी फेरीच संपली. आज शेजाऱ्याशी बोलणं किती गरजेचं आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको. डबा स्टीलचा द्या आणि तो आणायला स्वतः जा.

बकरी ईदला मांसाचे वाटे काळ्या पिशव्यांतून जातात. त्याऐवजी घेणाऱ्याला आधीच निरोप द्या, 'डबा घेऊन या'. जिथे पोचवायचं आहे तिथे आपलं पातेलं न्या आणि रिकामं करून आणा. कुर्बानी पालिकेने ठरवून दिलेल्या जागीच करा. आतडी, रक्त, चारा गटारात सोडू नका. पुढच्याच पावसात ते गटार तुंबतं आणि पाणी तळमजल्यावरच्या गरिबाच्या घरात शिरतं. सफाई कामगारासाठी त्या दिवशी एक वाटा आणि बसायला खुर्ची ठेवा.

आता वाढदिवस. तो साजरा करावा की नाही, याबद्दल आपल्या घराघरांत वेगवेगळी मतं आहेत. तो वाद आज नको. पण करतच असाल तर मुलाच्या नजरेने पाहा. माझ्या वर्गात एका मुलाने वाढदिवसाला प्रत्येकाला प्लास्टिकचा पाऊच वाटला, त्यात खोडरबर, शिट्टी, टॉफी. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या मुलाने आईला सांगितलं, मलाही तसंच हवं. ती बाई धुणीभांडी करते. तिने ते कसं आणलं ते तिलाच माहीत. वाढदिवसाचा कचरा मोजताना हा दबावही मोजा. आता आमच्या वर्गात ठरलं आहे: वाढदिवसाला वर्गाच्या कपाटासाठी एक गोष्टीचं पुस्तक, जुनं चालेल, घरी वाचून झालेलं चालेल. नसेल तर त्या दिवशी त्या मुलाने सगळ्यांना एक गोष्ट सांगायची. ती तर फुकटच आहे.

घरी फुग्यांच्या भिंतीऐवजी आईची जुनी ओढणी, दुपट्टे, कागदी पताका लावा. चमकीचे फुगे धातूचा मुलामा दिलेल्या प्लास्टिकचे असतात, ते कुजत नाहीत. चमकी म्हणजे ग्लिटर, तेही बहुतेक बारीक प्लास्टिकच. फेसाच्या स्प्रेमध्ये पेट घेणारा वायू असू शकतो आणि शेजारी केकवर मेणबत्ती जळत असते. तो तर मुलाच्या जिवाशीच खेळ आहे. झाड लावायचं असेल तर फोटोसाठी लावू नका. दोन उन्हाळे पाणी घालण्याची तयारी असेल तरच कडुलिंब, जांभूळ, करंज लावा. तेवढी जागा नसेल तर कुंडीत पुदिना लावा आणि पाणी घालायचं काम मुलाला द्या.

तुम्ही म्हणाल, घरचे मोठे ऐकणार नाहीत, लोक काय म्हणतील. तर एक आठवण करून देते. 2023 मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, 28 सप्टेंबरला आली होती. मुंबईत आपल्या मोठ्यांनी बसून ठरवलं आणि मिरवणूक दुसऱ्या दिवशी, 29 तारखेला काढली. श्रद्धा तीच राहिली, फक्त तारीख बदलली. जी मंडळी मिरवणुकीचा दिवस बदलू शकतात, ती मिरवणुकीतले प्लास्टिकचे झेंडे कापडाचे करू शकतात आणि सबीलवर पेले ठेवू शकतात. विचारायला मात्र कुणीतरी गेलं पाहिजे. तुम्ही जा. जाताना तक्रार घेऊन जाऊ नका, पाळीची यादी घेऊन जा. त्यावर पहिलं नाव स्वतःचं लिहा.

घरी आज रात्रीपासून सुरुवात होऊ शकते. जेवण झालं की मुलांनी उठून ताटं उचलावीत, विशेषतः मुलग्यांनी. सहा वर्षांचा मुलगा स्वतःचं ताट नीट घासू शकतो, मी शाळेत रोज पाहते. घासताना त्याला एवढं कळतं की ताटात टाकलेलं अन्न कुठेतरी जातं आणि ते उचलणारा हात कुणाचा तरी असतो. आपल्या धर्मात इस्राफ, म्हणजे उधळपट्टी, नापसंत आहे हे त्याला तोंडी पाठ करायला लावण्याआधी हे करू द्या.

आता तुमचे प्रश्न घेते. पण आधी माझा एक प्रश्न, आणि उत्तर हात वर करून द्या. येत्या ईदला तुमच्या घरी मोरीत कोण बसणार आहे?