बँकेची कार्यक्षमता कशी मोजायची?

नंदुरबारची मिरची सगळ्यांना ठाऊक आहे. हंगामात शहराभोवती ओल्या लाल मिरचीच्या पथाऱ्या पसरतात. समजा, एका व्यापाऱ्यानं पथारीवर मजूर कमी लावले. खर्च वाचला, पण मिरची वेळेवर उलटली गेली नाही, डाग पडले आणि भाव उतरला. हा व्यापारी काटकसरी म्हणायचा की तोट्यातला? उत्तर देण्यासाठी दोन हिशेब करावे लागतात, एक खर्चाचा आणि एक उत्पन्नाचा. बँकेचंही तसंच आहे.

समजा, एका शाखेचा वर्षाचा खर्च ५० लाख रुपये आहे. तेवढंच काम, तशाच परिस्थितीत, दुसरी शाखा ४० लाखांत करते. मग पहिलीची खर्चाची कार्यक्षमता ८० टक्के. आता उत्पन्न पाहू. तेवढ्याच माणसांत आणि तेवढ्याच ठेवींत चांगली शाखा ८० लाख मिळवते आणि आपली ६० लाख. म्हणजे उत्पन्नाची कार्यक्षमता ७५ टक्के. एखादी शाखा पहिल्या परीक्षेत पास होऊन दुसरीत नापास होऊ शकते. गावातल्या ठेवी गोळा करून वर पाठवायच्या आणि कर्ज द्यायचंच नाही, यात खर्च कमी होतो. पण कमाईची संधीही जाते.

ही मोजणी काही आजची नाही. १९५७ साली फॅरेल या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञानं अमेरिकेतल्या ४८ राज्यांच्या शेतीची अशी तुलना केली. १९७८ साली चार्न्स, कूपर आणि ऱ्होड्स यांनी ती पद्धत पुढे नेली, तीही शाळांच्या अभ्यासातून, जिथं नफा हा निकष लागूच पडत नाही. १९८५ मध्ये अमेरिकेतल्या एका बचत बँकेच्या १४ शाखा या पद्धतीनं तपासल्या गेल्या. पद्धतीचं सार सोपं आहे: आदर्श कागदावर ठरवायचा नाही, आपल्यासारख्यांतला जो सर्वांत चांगला, त्याच्याशी तुलना करायची.

‘आपल्यासारखा’ या शब्दातच सगळी मेख आहे. धुळे व नंदुरबार जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचंच उदाहरण घ्या. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, तरी बँक दोन्ही जिल्ह्यांची एकच राहिली. तिच्या क्षेत्रात तापीकाठचा बागायती पट्टा येतो आणि सातपुड्यातलं धडगाव, अक्कलकुवाही येतं. शहाद्याकडे थोडी खाती आणि मोठी कर्जं. डोंगरात छोटी खाती, छोट्या रकमा आणि विखुरलेले पाडे. दोघांना एकाच तराजूत घातलं तर डोंगरातली शाखा नेहमीच महाग ठरणार. तिची तुलना डोंगरातल्याच दुसऱ्या शाखेशी हवी. मात्र अशा तुलनेतही ती मागं पडत असेल, तर ‘आमचा भाग दुर्गम आहे’ ही सबब चालणार नाही.

उत्पन्नाच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी हवी. कागदावर आकारलेलं व्याज म्हणजे कमाई नव्हे. अल्पमुदतीच्या पिकाचं कर्ज दोन हंगाम थकलं की ते अनुत्पादक ठरतं. थकबाकी झाकून उत्पन्न फुगवणारी शाखा कार्यक्षम दिसते, असत नाही.

आणि एक खर्च बँकेच्या वहीत कधीच येत नाही. नंदुरबार तालुक्यातलं कोरीट घ्या. तिथून बँकेच्या कामासाठी शहरात यायचं, तर एसटीचं भाडं आलं, रांग आली आणि त्या दिवसाची मजुरीही बुडू शकते. धडगावकडच्या पाड्यावरून निघालेल्याचा तर अख्खा दिवस जातो. जवळची शाखा बंद केली की बँकेचा खर्च घटतो, पण तो नाहीसा होत नाही. तो खातेदाराच्या खिशातून जातो.

यावर उपाय निघाले आहेत. रिझर्व्ह बँकेनं २००६ साली प्रतिनिधींमार्फत बँकसेवा द्यायला परवानगी दिली. २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला. आज बँकमित्राकडे अंगठा लावून पैसे काढता येतात. शाखेपेक्षा हे स्वस्त पडतं. पण यंत्राला रेंज हवी आणि बँकमित्राला परवडेल असं कमिशनही हवं.

म्हणून माझं सांगणं इतकंच. शाखेचा निकाल लावताना खर्च पाहा, उत्पन्न पाहा, बरोबरीच्याशी तुलना करा. आणि खातेदारानं तिथं पोहोचण्यासाठी काय मोजलं, तेही त्याच कागदावर लिहा. त्यानंतर जी शाखा महाग ठरेल, ती खरोखरच महाग.