अपघात झाला, तर कोर्टात कोण जाणार?



भोरहून वेल्ह्याला, कापूरहोळला, वरंध घाटात आपल्या गाड्या रोज जातात. उद्या अपघात झाला, तर फौजदारी खटल्यात हजर कोणी राहायचं? जो चालवत होता त्यानं. मुलाला वाचवायला बापानं ‘मीच चालवत होतो’ म्हणू नये. तो आणखी एक गुन्हा. पोलिसांनी विचारल्यावर मालकानं चालकाचं नाव-पत्ता देणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १३३ नं बंधनकारक आहे.

चालवणारा १८ वर्षांखालचा असेल, तर तो बाल न्याय मंडळापुढे आणि पालक किंवा मालक कोर्टात. २०१९ च्या दुरुस्तीनं त्यांना ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे.

भरपाईच्या दाव्यात चालक, मालक, विमा कंपनी, तिघंही येतात.

म्हणून सांगतो, किल्ली देण्याआधी लायसन्स बघा. नातू कितीही रुसला तरी!