ज्ञानाची किंमत आणि ज्ञानाचे मोल



विकत घेतलेली वस्तू मनुष्य जपून ठेवतो आणि फुकट मिळालेली कोठे तरी टाकून विसरतो, हा व्यवहारातील नित्याचा अनुभव होय. वैद्याने फी घेऊन सांगितलेले पथ्य रोगी कसोशीने पाळतो. तेच पथ्य घरच्या आजीने सांगितले तर हसण्यावारी नेतो. उपदेश एकच असतो. भेद ऐकणाऱ्याच्या चित्तात असतो. म्हणूनच मठाच्या ग्रंथांना मूल्य ठेवावे की ते मुक्तहस्ते वाटावेत, हा प्रश्न दिसतो तितका क्षुद्र नाही.

या अनुभवात एक धोकाही दडलेला आहे. दाम मोजल्याने ज्ञान खरे होत नाही. ते केवळ खरे वाटू लागते. ज्याने खर्च केला त्याला आपण फसलो हे कबूल करणे जड जाते, आणि भोंदू मंत्रविक्रेत्याचा धंदा याच दुर्बलतेवर चालतो. केवळ उपजीविकेसाठी विद्या बाळगणाऱ्यास ज्ञानाचा व्यापारी म्हणतात, असे कालिदासाने ‘मालविकाग्निमित्रा’त सांगून ठेवले आहे.

मग प्राचीनांनी दक्षिणा का मानली? बृहदारण्यकोपनिषदात जनक राजा याज्ञवल्क्यांच्या एकेका उपदेशासरशी सहस्र गाई देऊ करतो. ऋषी दर वेळी उत्तर देतात की, शिष्यास उपदेश पूर्ण केल्यावाचून दान घेऊ नये, असे आपल्या पित्याचे मत होते. किंमत आणि दक्षिणा यांतील भेद येथे उघड होतो. बाजारात दाम आधी मोजावे लागते आणि ते विकणारा ठरवितो; गुरुगृही दक्षिणा शेवटी येते आणि ती शिष्याच्या कृतज्ञतेतून उपजते.

याचे सर्वांत जवळचे उदाहरण पेडणे महालाचेच आहे. संत सोहिरोबानाथ आंबिये (1714–1792) यांचे घराणे पालये गावचे. बांद्यास कुलकर्णीपण करीत असता सावंतवाडी दरबारचे बोलावणे आले आणि ते निघाले. परंपरा असे सांगते की, इन्सुलीच्या रानात झऱ्याकाठी फणस फोडून ते बसले असता एका सिद्धाने काही खावयास मागितले. सोहिरोबांनी गरे पुढे केले. सिद्धाने पाच गरे खाल्ले, उरलेले प्रसाद म्हणून दिले आणि मस्तकी हात ठेवला. ते गहिनीनाथ होते, अशी सांप्रदायिक श्रद्धा आहे. पुढे सोहिरोबांनी कुलकर्णीपण सोडले. उत्तरायुष्यात पेडणे महालातील केरीचे जिवबादादा बक्षी यांच्यामुळे ग्वाल्हेरीस महादजी शिंद्यांची भेट झाली, तेव्हा मात्र त्यांनी राजाश्रयाची पर्वा केली नाही, असेही सांगतात. एकीकडे पाच गरे पुरेसे ठरले. दुसरीकडे दौलतही अपुरी पडली. भुकेल्या पांथस्थास स्वतःच्या वाट्याचे देणारा हात हीच तेथील दक्षिणा होती.

आता दुसरी बाजू. मुक्तीपूर्वी पेडणे व डिचोली महालांतील खेड्यांत अक्षरओळख बहुधा पंतोजींकडे होई; शाळा एखाद्याच्या ओसरीवर वा देवळाच्या मंडपात भरे. पंतोजीला भात, नारळ किंवा थोडे पैसे देण्याची ज्या घराची ऐपत नव्हती, त्या घरची मुले गुरांमागे जात. 1961 साली गोवा मुक्त झाला. 1963 च्या डिसेंबरात पेडण्याचेच सुपुत्र दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले आणि त्यांच्या कारकिर्दीत गावोगाव सरकारी प्राथमिक शाळा निघाल्या. त्या शिक्षणास दाम नव्हते; म्हणून त्याचे मोल कमी झाले काय? डोंगर उतरून, ओहोळ ओलांडून शाळा गाठणाऱ्या मुलाने दाम दिले नाही, पण पायपीट दिली. त्याच्या आईने गुरे राखणारा हात गमावला. किंमत माफ झाली, तरी मोल चुकवले गेलेच.

यावरून एवढे ठरते की, ज्ञान मनात रुजण्यासाठी घेणाऱ्याने काही तरी दिले पाहिजे. पण ते असे असावे की, दरिद्रातील दरिद्री मनुष्यालाही देता यावे. पैशाची अट घातली तर श्रीमंताचा आदर वाढतो आणि गरिबाचे दार बंद होते. अट मुळीच नसली तर ग्रंथ फळीवर धूळ खातो. ग्रंथाचा छपाईखर्च ऐपतवाल्याने जरूर द्यावा. ज्याच्याजवळ तो नाही, त्याने चार दिवस पहाटे येऊन सभामंडप झाडावा, किंवा तोच ग्रंथ शेजारच्या निरक्षर वृद्धेस वाचून दाखवावा. ही दक्षिणा रुपयांहून हलकी नाही.

आज हातातील यंत्रावर प्रवचनांचा पूर वाहतो आहे आणि त्यास मोल द्यावे लागत नाही. अशा काळी मठाने दार उघडेच ठेवावे. मात्र आत येणाऱ्याने रिक्त हस्ताने येऊ नये. हातात पाच गरे असले तरी पुरेत.